सिलिअॅक आणि आपलं सोलापुरी ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या लेकीला सहाव्या वर्षी सिलिअॅक असल्याचं कळलं. आता ती चौदा वर्षांची आहे. या आठ वर्षांत सोलापुरातल्या, बार्शी-पंढरपूरकडच्या, कधी विजापूर-धाराशिवकडच्याही आयांनी मला फोन करून जे जे विचारलं, ते इथे एकत्र लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तपासण्या आणि गोळ्या यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण दवाखान्यातून घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला काय करायचं हा प्रश्न आपला असतो, आणि मला येणारे बहुतेक प्रश्न तिथलेच असतात.

सिलिअॅक म्हणजे पोटात नेमकं काय होतं?

गहू, जव आणि राय (इंग्रजीतलं rye, फोडणीची राई नव्हे) या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. मळलेली कणीक ताणली तरी तुटत नाही, ती या ग्लूटेनमुळे. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते.

आपल्या गावात टेरी टॉवेल सगळ्यांनी हाताळलेला आहे. त्यावर दोऱ्याचे बारीक उभे वेढे असतात, पाणी तेच टिपतात. टॉवेल वापरून वापरून ते वेढे गेले की कितीही पुसलं तरी अंग ओलंच राहतं. लहान आतड्याच्या आतही असेच बारीक उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं तेच शोषून घेतात. सिलिअॅकमध्ये ते झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवतं, पण अंगी काही लागत नाही.

हा आजार नवीन आहे का? आमच्या आजीच्या वेळी कुणी नाव ऐकलं नव्हतं.

आजार जुनाच आहे. सॅम्युअल गी या इंग्लिश डॉक्टरांनी १८८८ साली त्याचं नेमकं वर्णन छापलं, पण कारण कळलं नव्हतं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं. मुलं सुधारली आणि केळ्यातच गुण आहे असं सगळ्यांना वाटलं. खरं तर त्या आहारात पाव नव्हता, म्हणून ती सुधारली होती. गव्हाचा संबंध उलगडला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. उपासमारीच्या दिवसांत आपलं मूल सुधारतंय हे बघणाऱ्या त्या आयांना काय वाटलं असेल, हे माझ्या मनात पुष्कळदा येतं.

जगात साधारण शंभरातल्या एका माणसाला हा आजार असतो. आपल्या देशात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडे तो जास्त आढळतो, दक्षिणेकडे कमी. आपण मधल्या पट्ट्यात, ज्वारीच्या मुलखात. म्हणून इकडे तो चटकन कुणाच्या मनात येत नाही.

म्हणजे गव्हाची अॅलर्जीच ना?

नाही. अॅलर्जीत खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. सिलिअॅकमध्ये वरून काही दिसलं नाही तरी आत नुकसान होत राहतं. तिसराही एक प्रकार आहे: गहू खाल्ला की पोट बिघडतं, पण आतड्याला इजा होत नाही आणि रक्तातही काही सापडत नाही. तिन्हींचे नियम वेगवेगळे. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

आमच्या मुलाला जुलाब होत नाहीत. तरी असू शकतो का?

असू शकतो. जुलाब, फुगलेलं पोट आणि काड्यांसारखे हातपाय हे पुस्तकातलं चित्र. माझ्या लेकीचं तसंच होतं, तरी दोन वर्षं आम्ही जंताची औषधं आणि टॉनिक देत राहिलो. कुणी दृष्ट काढली, कुणी म्हणालं अंगकाठीच बारीक आहे. पण पुष्कळांना बद्धकोष्ठ असतं. कुणाची फक्त उंची वाढत नाही. कुणाला सारखं तोंड येतं, दातांवरचं आवरण खराब होतं, अंगावर खाजणारे फोड उठतात. मुलींची पाळी उशिरा येते. मोठ्या बायकांत वारंवार गर्भपात किंवा ऐन चाळिशीत ठिसूळ हाडं, यामागेही कधी कधी हेच निघतं.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर डॉक्टरांना आपणहून विचारा, "सिलिअॅकची तपासणी करायची का?" आपल्याकडे बाईचं रक्त कमी असणं इतकं ठरलेलं झालंय की त्यामागचं कारण कुणी शोधत नाही. ज्यांना टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार आहे, त्यांच्यातही सिलिअॅक जास्त आढळतो.

तपासणीआधी महिनाभर गहू बंद करून बघू का?

कृपा करून करू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण आमच्याकडे हीच चूक झाली. एकांनी सांगितलं, "आधी गहू सोडून बघा, फरक पडला तर समजा तेच आहे." फरक पडला. पुढच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर आकडा काठावरचा आला. मग निदान पक्कं करण्यासाठी, सुधारू लागलेल्या पोरीला पुन्हा कित्येक आठवडे रोज पोळी खायला घालावी लागली. ती पोटावर हात दाबून झोपायची आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या ताटात पोळी वाढायची.

गहू चालू असतानाच रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी करतात (शरीर स्वतःविरुद्ध बनवतं ती प्रतिपिंडं यात मोजतात), सोबत एकूण आयजीए (हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार). काही जणांत मुळात आयजीए कमी असतं आणि मग पहिली तपासणी फसवते. त्यानंतर बहुतेक वेळा दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे चार-सहा बारीक तुकडे काढून बघतात. मुलांत रक्तातला आकडा नेहमीच्या मर्यादेच्या दहापटीच्या वर असेल आणि दुसरी खात्रीची रक्ततपासणीही तेच सांगत असेल, तर काही डॉक्टर दुर्बीण टाळतात. जनुकांचीही तपासणी असते, पण ती जनुकं साधारण तीनातल्या एका माणसात असतात आणि त्यांपैकी थोड्यांनाच आजार होतो. म्हणून ती "आहे" हे सांगत नाही, "नाही" हे मात्र बऱ्यापैकी खात्रीने सांगते.

काय काय बंद?

पोळी, पाव, बिस्किट, खारी, टोस्ट, नूडल्स हे सगळ्यांना सुचतं. न सुचणारं सांगते. रवा गव्हाचाच. शेवया, दलिया, मैदा गव्हाचाच. कुरडई गव्हाच्या चिकाची. सातूच्या पिठात गहू किंवा जव. मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू पडतो. धपाट्यांतही पडतो. हुग्गी (गव्हाची खीर) आणि शेंगापोळी तर उघडच. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून गाडीवरचा फ्राइड राइस भाताचा असूनही चालत नाही. हुरडा पार्टीत ज्वारीच्या कणसांशेजारी गव्हाच्या ओंब्या भाजल्या जातात. कणसं चालतात, ओंब्या नाहीत.

खपली गहू चालतो म्हणतात. खरं का?

खोटं. खपली, बन्सी, देशी, लोकवन, सेंद्रिय, घरच्या शेतातला: गहू तो गहू. खपलीतही ग्लूटेन आहे. दुकानात "पचायला हलका" म्हणून देतात आणि त्या शब्दावर विसंबून लोक महिनोन्‌महिने खातात. सिलिअॅक असलेल्याने कुठल्याच गव्हाची चव घ्यायची नाही.

मग खायचं काय?

इथे मी थोडी जास्त बोलणार आहे. निदान झालं त्या दिवशी मी पुण्याहून गाडीत रडत आले, की पोरीच्या नशिबाची भाकरीच गेली. घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, भाकरी कुठं गेली? पोळी गेली." त्या लहान असताना त्यांच्या घरी पोळी सणालाच व्हायची. बाकी वर्षभर ज्वारीच.

सोलापूर जिल्हा ज्वारीचं कोठार. मालदांडी आपलीच, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ज्वारीत, बाजरीत, नाचणीत, तांदळात, मक्यात, वरईत, राजगिऱ्यात मुळात ग्लूटेन नाही. सगळ्या डाळी, भाज्या, फळं, दूध, दही, अंडी, मटण, मासे मोकळे. दिल्लीकडच्या आयांना हे पदार्थ नव्याने शिकावे लागतात. आपल्याकडे ते कुणाच्या ना कुणाच्या हातात अजून आहेत.

आमच्या घरी सकाळी ज्वारीच्या कण्या किंवा आंबील. डब्यात भाकरी, शेंगाचटणी, दही, उसळ. हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि लोणी, भोगीला तीळ लावून. संध्याकाळी चुरमुऱ्याचा सुशीला, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याचा लाडू. कडक भाकरी तर देवासारखी धावून येते. महिनाभर टिकते, आमटीत चुरली की जेवण झालं. ती जिथून घ्याल तिथे शेंगापोळ्या किंवा चपात्याही लाटतात का, तेवढं विचारून घ्या. आम्ही एका ताईंकडून घेतो. त्या फक्त भाकरीच करतात.

नुसत्या भातावर मूल ठेवू नका. पोट साफ होत नाही आणि आधीच कमी असलेलं लोह-कॅल्शियम आणखी कमी पडतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आठवड्यातून तीन-चार वेळा तिचं काही ना काही पोटात जाऊ द्या.

भाकरी थापता येत नाही असं तरुण मुली सांगतात. पीठ ताजं हवं. आठ-दहा दिवसांवर ठेवलं तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी चिरते. विरी कमी असेल तर उकळत्या पाण्यात थोड्या पिठाची उकड काढून तिच्यात बाकीचं पीठ मळा. चिकटपणासाठी कणीक मात्र घालू नका. हा सल्ला पुष्कळ जणी अगदी प्रेमाने देतील.

सगळं बंद केलंय, तरी तपासणीत आकडा खाली येत नाही. कुठून जातंय?

मी पहिला प्रश्न विचारते: हिंग कुठला? बाजारातलं डबीतलं हिंग हे बांधानी हिंग असतं. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. आपल्या घरात हिंग रोज दोन वेळा फोडणीत पडतं. वरणात, भाजीत, लोणच्यात, पापडात, ताकात. आम्ही पोळी सोडून आठ महिने झाले होते तरी हिंगाकडे लक्ष गेलं नव्हतं. डबीमागची बारीक अक्षरं वाचली आणि हातपायच गळाले. तांदळाच्या पिठाचं हिंग मिळतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. नाही मिळालं तर लसूण-जिऱ्यावर भागवा.

दुसरा प्रश्न: दळण कुठे? गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की आधीचं पीठ जात्यात, कपड्यात, डब्यात अडकलेलं असतं ते आपल्या पिठात उतरतं. काही गिरण्यांत ज्वारीचं जातं वेगळं असतं, पण हवेत उडणारं पीठ एकच. आमच्या गिरणीवाल्या काकांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सकाळी गिरणी झाडून पहिलं दळण आमचं घ्यायला सुरुवात केली. तरी अधूनमधून शंका यायची, म्हणून शेवटी पैसे साठवून घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. जमत असेल तर बाकी कुठलाही खर्च पुढे ढकला, हा आधी करा. ज्वारी निवडतानाही लक्ष द्या. बाजारातल्या पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात.

तिसरा: मसाला. काळं तिखट कांडपावर नेलं की आधी त्या डंकात काय कांडलं ते विचारा. येसर (आमटीत घालायचं भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ) कांडलं असेल तर त्यात भाजलेला गहू असतो.

घरातल्या सगळ्यांनीच गहू सोडायचा का?

ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही पहिलं वर्षभर सगळ्यांनीच सोडला, नंतर आजोबांसाठी पोळी परत सुरू केली. गहू घरात असेल तर लेकीचा तवा, परात, पोळपाट-लाटणं, चाळणी, लाकडी कलथा वेगळा. लाकडाच्या आणि चाळणीच्या भोकांत अडकलेलं पीठ धुवूनही जात नाही, म्हणून या वस्तू नव्याच घ्या. स्टीलची भांडी स्वच्छ घासून चालतात. आधी तिचं जेवण करून झाकून ठेवायचं, मग कणीक मळायची. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळायचे नाहीत. तुपाच्या, लोणच्याच्या बरणीत पोळीचा हात गेला की ती बरणी तिच्यासाठी बाद. तिच्या भांड्यांना आम्ही लाल रंगाची खूण केली आहे. पाहुण्यांना पाठ करायला लावण्यापेक्षा ते सोपं जातं.

एवढासा प्रसाद घेतला तर काय होतंय?

आठ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हा, आणि सगळ्यात जड. विचारणारी माणसं वाईट नसतात. सत्यनारायणाचा शिरा हातावर ठेवणाऱ्या आजींना वाटतं, देवाचा प्रसाद बाधेल कसा?

त्यांना सांगायला हिशेब उपयोगी पडतो. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. त्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे २५०० ते ३००० मिलिग्रॅम. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, हे अभ्यासात दिसलं आहे. बहुतेकांना सोसणारी मर्यादा दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आसपास मानतात. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक. चमचाभर शिरा त्याच्या कितीतरी पुढे जातो.

आम्ही आता घरच्या पूजेला शिरा तांदळाच्या रव्याचा करतो, कधी राजगिऱ्याच्या पिठाचा. गुरुजींना विचारलं, त्यांनी आनंदाने होकार दिला. दुसऱ्याकडे गेलो की लेक प्रसाद दोन्ही हातांत घेते, कपाळाला लावते आणि माझ्याकडे देते. सिद्धेश्वराच्या यात्रेत, पंढरपूरला, अक्कलकोटला, कुठेच तिला वंचित वाटू नये म्हणून मी पिशवीत खडीसाखर आणि घरच्या लाह्या ठेवते. देवापुढे ठेवून त्याच तिला देते. पेढा मिळाला तर ओळखीच्या दुकानाचा असल्याशिवाय नाही, खव्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही. एकादशीचा फराळ मात्र बिनघोर, साबुदाणा आणि भगर घरी निवडलेली असली की झालं.

लग्नकार्यात काय करता?

डबा नेतो. पहिली दोन वर्षं लाज वाटली, आता नाही. लग्नातल्या आमटीत येसर, भाजीत हिंग, भात वाढणाऱ्याच्या हातात आधी पुरी. आचाऱ्याला विचारलं तर तो मनापासून "चालतंय की ताई, गव्हाचं काही नाही" म्हणतो, कारण येसरातला गहू त्याच्या डोक्यातच येत नाही. जवळच्या घरचं कार्य असेल तर आदल्या दिवशी फोन करते. माझ्या जावेने तिच्या मुलाच्या मुंजीत वेगळ्या पातेल्यात साधा भात आणि बिनहिंगाचं वरण आधी काढून बाजूला झाकून ठेवलं होतं. मला त्या झाकणाची आठवण अजून आहे.

शाळेत?

वर्गशिक्षिकेला वर्षाच्या सुरुवातीला भेटा, एका कागदावर लिहून द्या. शाळेतली खिचडी भाताची असली तरी फोडणीतलं हिंग विचारा. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या चॉकलेट-केकसाठी मी बाईंकडे एक छोटा डबा ठेवते, तिच्या चालणाऱ्या खाऊचा. मातीकाम चालेल, पण बालवाडीत कणकेचे गोळे खेळायला देतात तिथे लक्ष ठेवा. हात तोंडात जातात. धाकट्या मुलांना अंगणवाडीतून गव्हाची सुकडी मिळत असेल तर सेविकाताईंना आधीच सांगा.

हॉटेलात, प्रवासात?

इडली-डोसा तांदळा-उडदाचा असला तरी पिठात रवा आहे का आणि सांबारात कुठलं हिंग, हे विचारावंच लागतं. डिस्को भजी बेसनाची, पण कढई एकच आणि त्यात दुसरंही तळतात. रेल्वेने जाताना कडक भाकरी, शेंगाचटणी, उकडलेली अंडी, केळी. एवढ्यावर आम्ही दिल्लीपर्यंत गेलो आहोत.

पाकिटावर काय बघायचं?

आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार "ग्लूटेन-फ्री" लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन हवं. असं अर्धा किलो अन्न दिवसभरात खाल्लं तरी १० मिलिग्रॅमच्या आत राहतं. त्या आकड्याचा अर्थ हा. घटकांच्या यादीखाली "गहू आहे" किंवा "गव्हाचा अंश असू शकतो" अशी सूचना असते, ती वाचा. "मल्टिग्रेन", "मिलेट" हे शब्द मोठ्या अक्षरांत असले तरी यादीत पहिला गहू निघतो. नाचणीची म्हणून मिळणारी पुष्कळ बिस्किटं अर्धी मैद्याची असतात.

महागडी ग्लूटेन-फ्री बिस्किटं रोज घ्यायची गरज नाही. बऱ्याच वेळा ती नुसतं स्टार्च आणि साखर असतात. सणावाराला, मुलाचं मन राखायला ठीक.

ओट्स?

ओट्समधलं प्रथिन वेगळं आहे आणि बहुतेकांना सोसतं, पण साधे ओट्स गव्हासोबत पिकतात, भरडले जातात. ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्यायचे, तेही डॉक्टरांना विचारून, पथ्य स्थिर झाल्यावर. आपल्याला ओट्सवाचून काही अडत नाही.

दूध प्यायलं की पोट बिघडतं. दूधही बंद?

सुरुवातीला असं होतं. आतड्याचे उंचवटे झिजले की दुधातली साखर पचवणारं विकरही कमी पडतं. दही-ताक सोसतं बहुधा. आतडं भरून आलं की पुष्कळांना दूध पुन्हा चालतं. माझ्या लेकीला पाच-सहा महिने लागले.

चुकून खाल्लं गेलं तर काय करायचं?

त्यावर उतारा नाही. पाणी, विश्रांती, जुलाब झाले तर जलसंजीवनी, हलकं जेवण. काही दिवसांत उतरतं. उलटी करायला लावू नका आणि मुलाला रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी ते लपवतं. माझ्या लेकीने तिसरीत मैत्रिणीच्या डब्यातली पोळी खाल्ली होती. चार दिवसांनी मला सांगितलं, तेही रात्री अंधारात. त्या दिवसापासून आमचा नियम एकच: सांगितलं तर रागावणार नाही. आणि त्रास झाला नाही म्हणजे सोसलं, असंही समजू नका. पुष्कळांना बाहेरून काहीच जाणवत नाही.

औषधं, लिपस्टिक, साबण?

गोळ्यांत स्टार्च असतं, बहुधा मक्याचं, क्वचित गव्हाचं. औषध दुकानदाराला आणि डॉक्टरांना विचारा, स्वतःहून गोळी बंद करू नका. कातडीतून ग्लूटेन आत जात नाही. ओठांना लावायचं तेवढं बघून घ्या.

किती दिवसांत बरं वाटतं? मोठेपणी जातो का?

भूक आणि चेहऱ्यावरची कळा काही आठवड्यांत परत येते. रक्तातला आकडा उतरायला सहा महिने ते वर्ष, कधी जास्त. मुलांचं आतडं लवकर भरतं, मोठ्यांना दोन-दोन वर्षंही लागतात. सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी टीटीजी, हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ड आणि बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, मुलांची उंची-वजन बघतात.

आजार जात नाही. पथ्य आयुष्यभराचं. "मुळापासून बरा करतो" म्हणणारे भेटतात, आम्हालाही भेटले, पैसेही गेले. जी घेऊन सिलिअॅक असलेल्याला गहू खाता येईल अशी सिद्ध झालेली गोळी आज नाही. संशोधन चालू आहे, त्याची वाट बघू, पण तोवर ताटात गहू नाही.

बाकीच्या भावंडांची तपासणी करायची का?

हो. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात, दहात एकाच्या आसपास शक्यता असते. काहीच त्रास नसला तरी एकदा रक्त तपासा. एकदा निर्धोक आलं म्हणजे कायमचं सुटलं असं नाही, हा आजार साठाव्या वर्षीही सुरू होऊ शकतो. आमच्याकडे तपासणीत माझंच निघालं. वर्षानुवर्षं कमी असलेलं माझं हिमोग्लोबिन, बाळंतपणांमुळे म्हणून सोडून दिलेलं, त्याचं कारण तेव्हा कळलं.

मुलीच्या लग्नाचं काय? सांगायचं की लपवायचं?

सांगायचं, पहिल्याच भेटीत. लपवलं तर ती नव्या घरी पहिल्या दिवसापासून पोळी खाणार आणि आजारी पडणार. पथ्य नीट असेल तर तिच्या आयुष्यात, बाळंतपणात सिलिअॅकमुळे वेगळी अडचण येत नाही. अडचण येते ती पथ्य न पाळल्यावर. मला विचारणाऱ्या आयांना मी म्हणते, स्थळाकडे चहाला जाल तेव्हा पोह्यांच्या फोडणीत हिंग कुठलं ते मोकळेपणाने विचारा. ते लोक काय उत्तर देतात आणि कसं देतात, त्यावरून घर कळतं.

मूल विचारतं, "मलाच का?" काय सांगता?

मी अजूनही दर वेळी वेगळं काही सांगते. लहान होती तेव्हा टॉवेलची गोष्ट सांगितली होती. दहाव्या वर्षी आतड्याचं चित्र काढून दाखवलं. मागच्या होळीला बाकी सगळ्यांच्या पानात पुरणपोळी होती आणि तिच्या वाटीत पुरण, दूध, तूप. तिने नुसतं बघितलं, काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. माझ्या पानातली वाटी तिच्या वाटीजवळ सरकवली आणि आम्ही दोघींनी कटाची आमटी भाताबरोबर खाल्ली.